वीणाच्या नावावरची हरकत

“वहिनीला जमणार नाही,” असं संजीव म्हणाला, तेव्हा वहिनी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि त्याच्याच ताटात मसालेभात वाढत होती. माणसाने निदान पाठीमागे बोलावं, तेवढी तरी चाड ठेवावी. संजीव मात्र सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं खणखणीत बोलला आणि बोलता बोलता “बास, बास” म्हणून त्याने ताटावर हात आडवा धरला. वीणाने त्याच्या बोटांच्या फटीतून आणखी डावभर भात वाढला आणि ती पुढे सरकली.

जमणार नव्हतं ते ग्राझ. ऑस्ट्रियातलं हे शहर लोकवस्तीने त्यांच्या डॅलसजवळच्या फ्रिस्कोपेक्षा मोठंच, पण सोहोन्यांच्या घरात गेले दोन महिने त्याचा उल्लेख ‘ते खेडं’ असाच होत होता. वीणा आणि विनयची एकुलती एक मुलगी रुचा दोन वर्षांपूर्वी तिथे कंपनीचं छोटं ऑफिस उघडायला गेली होती. चार टेबलं, एक कॉफीचं मशीन आणि नदीच्या बाजूला एक खिडकी. आता तिचं म्हणणं असं होतं, की कंपनीचं घर तेच व्हावं. शेजारच्या प्लेनोतलं मोठं ऑफिस सोडावं, संजीवकाकाने छोट्या जागेत चारपाच माणसं घेऊन अमेरिकेतलं काम बघावं आणि बाकी सगळा पसारा ग्राझला हलवावा. प्लेनोच्या जागेची लीज महिनाअखेर संपत होती. जागावाल्यांना उद्या उत्तर हवं होतं आणि परवा, मंगळवारी, रुचाचं विमान होतं. म्हणून आज रविवारी दुपारी सगळे जेवायला जमले होते, आणि ताटावरून उठण्याआधी काय ते ठरवायचं होतं.

आता सोहोनी कुटुंबात एखादी गोष्ट ठरते कशी, हे एकदा सांगायलाच हवं. विनय आणि संजीव या दोघा भावांनी कंपनी काढली, तेव्हा त्यांचे वडील, आप्पा, इथेच राहायला होते. घरात मतं मोजायची नसतात, असं आप्पांनी सांगून ठेवलं. सगळ्यांचा होकार असेल तरच पुढे जायचं, एकाचीही हरकत असेल तर थांबायचं. ऐकायला किती छान वाटतं. प्रत्यक्षात झालं असं, की स्वतःच्या नावावर हरकत घ्यायची म्हणजे स्वार्थी दिसायचं, आणि चारचौघांत स्वार्थी दिसण्यापेक्षा सोहोन्यांना मरण पत्करलं असतं. मग ज्याला त्याला दुसऱ्याच्या नावावर हरकत घ्यायची सवय लागली. आणि दुसरं म्हणजे कोण, तर वीणा.

कुत्रा घ्यायचा विषय निघाला, तेव्हा वीणाला केसांची अॅलर्जी निघाली. ही बातमी वीणाला जावेकडून, म्हणजे सीमाकडून कळली. ह्यूस्टनला जायचं बारगळलं, कारण वीणाला दमट हवा सोसत नाही. वीणाचं लग्नापर्यंतचं सगळं आयुष्य रत्नागिरीत गेलं होतं. मौन म्हणजे संमती असं जगात धरतात. या घरात वीणाचं मौन म्हणजे नकार धरायची पद्धत पडली होती. तीही बाई अशी, की कोणी विचारलंच तर “माझं काही नाही, तुम्ही ठरवा” म्हणून मोकळी. मग ठरवणारे ठरवत राहिले.

या वेळी मात्र पंचाईत वेगळीच होती. वीणाला ग्राझला जायचं होतं. साधंसुधं नाही, लहान मुलाला जत्रेला जायचं असतं तसं जायचं होतं. इतकं, की तिची तिलाच लाज वाटत होती.

रुचाच्या ऑफिसचं उद्घाटन झालं, तेव्हा घरातून एकटी वीणा गेली होती. विनयची पाठ धरली होती, संजीवला टेंडर होतं, सीमाकडे घरं बघायला येणारी गिऱ्हाईकं होती. दोन आठवड्यांसाठी गेलेली वीणा तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी रुचाबरोबर चालत ऑफिसला जायला लागली. वाटेत बेकरी, मग पूल, मग ट्रामचा रस्ता ओलांडला की ऑफिस. संध्याकाळी लोक उजेडात घरी जात. तिच्या वयाच्या बायका पिशवी घेऊन ट्राममध्ये चढत आणि त्यांना सोडायला-आणायला कोणी लागत नसे. एक दिवस ती आजूबाजूच्या गावांना जाणाऱ्या बसच्या थांब्यावर उभी राहिली आणि वर पाहिलं, तर सोहोन्यांचा बोर्ड. पुढची बस किती मिनिटांत येणार ते सांगणारा, त्यांच्याच कंपनीचा. वीस-बावीस वर्षं तिने त्या बोर्डांची बिलं केली, माणसं नेमली, रात्री-अपरात्री बंद पडलेल्या बोर्डांचे फोन घेतले. लोकांना बस कधी येणार ते सांगणाऱ्या या घराण्यात, बसची वाट पाहत त्या बोर्डाखाली उभं राहिलेलं माणूस आजवर एकही नव्हतं. बोर्डावर चार मिनिटं लिहिलेली होती. चार मिनिटांनी बस आली, आणि वीणाला त्या परक्या थांब्यावर रडू आलं.

हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? विनय म्हणाला असता, बस आली म्हणून रडतं का कोणी.

रुचाने टीव्हीवर स्लाइड लावल्या होत्या. विनयने जेवताना स्क्रीन नको म्हणून त्या बंद करायला लावल्या, तेव्हा ती बिचारी ताट बाजूला सारून तोंडी सांगायला लागली. मुद्दे तिचे चोख होते. कंपनीची निम्म्याहून जास्त कामं आता तिकडचीच होती, आणि गिऱ्हाइकाकडे जायचं तर सकाळी आगगाडीत बसून संध्याकाळी परत येता येत होतं. शहरात युनिव्हर्सिट्या होत्या आणि तिथे शिकलेल्या पोरांना शक्यतो ते शहर सोडायचं नव्हतं.

“काका, प्लेनोत आपण कोण आहोत सांग ना,” ती संजीवला म्हणाली. “डेंटिस्टच्या मागचं ऑफिस. आपण पोरं ट्रेन करतो आणि ती हायवेपलीकडच्या मोठ्या कॅम्पसमध्ये जातात. गेल्या दोन वर्षांत पाच गेले. माझ्याकडून एकही गेला नाही. झीरो. तिथे चाळीस माणसांची कंपनी असेल, तर लोकांना ती माहीत असते. सिटीच्या ऑफिसातली बाई मला नावाने ओळखते, यार. इथे मला आपल्या बिल्डिंगचा सिक्युरिटीवाला आयडी विचारतो.”

आणि माणसांचं काय, तर तेही तिने सांगितलं. तिच्या ऑफिसातली एक प्रोग्रामर मुलाला पायी शाळेत सोडून साडेआठला कामावर येते आणि चारला उठते, आणि तिचं काम इथल्या सातपर्यंत बसणाऱ्या लोकांच्या कामापेक्षा बरं असतं. कारण ती थकलेली नसते. पाच आठवडे रजा असते आणि लोक ती खरंच घेतात. आजारी पडलं तर नोकरीची आणि विम्याची काळजी एकदम करावी लागत नाही. टॅक्स जास्त आहे हे तिने आपण होऊन कबूल केलं. जर्मन शिकावी लागते, सरकारी कागदांना वेळ लागतो आणि हिवाळा करडा असतो, हेही सांगितलं. पोरगी प्रामाणिक होती, हाच तिचा दोष.

“आणि रविवारी दुकानं बंद असतात,” ती म्हणाली.

झालं. बाकी सगळं राहिलं बाजूला आणि टेबल रविवारच्या दुकानांवर तुटून पडलं. म्हणजे सगळी बंद? ग्रोसरीसुद्धा? सीमाला विश्वासच बसेना. रविवारी अचानक कोथिंबीर संपली तर माणसाने काय करायचं? संजीव म्हणाला, ही कसली प्रगती, आमच्या लहानपणी पुण्यात दुपारी दुकानं बंद असायची तेव्हा आम्ही हसायचो. विनयने पाहुणे आले तर काय करणार असं विचारलं. रुचाने सांगितलं की स्टेशनवरचं एखादं उघडं असतं, तर सीमा म्हणाली, म्हणजे कोथिंबिरीसाठी स्टेशनवर जायचं? हे बराच वेळ चाललं. माणसांच्या नोकऱ्या, कंपनीचं भवितव्य, उद्याची लीज, सगळं कोथिंबिरीच्या जुडीखाली गाडलं गेलं. वीणा काकडीची कोशिंबीर वाढत फिरत होती. त्या कोशिंबिरीवर तिने रुचाने ग्राझहून आणलेलं भोपळ्याच्या बियांचं तेल घातलं होतं. संजीवने ती तिसऱ्यांदा मागून घेतली आणि तिसऱ्यांदाही ही चव कशाची याची त्याने चौकशी केली नाही.

टेबलाच्या टोकाला केदार बसला होता, आज बायकोला, अहिल्याला, न घेता एकटाच. नागपूरचा हा मुलगा, मुलगा म्हणायचं पण चाळिशीला आलेला, कंपनीचा सगळ्यात जुना इंजिनिअर. बोर्डाला मिनिटं सांगणारा प्रोग्राम त्याच्या डोक्यातून उतरला होता. व्हिसावर येऊन त्याला बारा वर्षं झाली आणि ग्रीन कार्डची रांग होती तिथेच होती. आता त्याला अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यातल्या, अल्फारेटाच्या एका कंपनीने बोलावलं होतं. तो गेला तर प्लेनोत राहूनही उपयोग नव्हता आणि ग्राझला जाऊनही नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऑफिसात तो विनयला विनय म्हणायचा आणि घरी आला की काका. रुचाने त्यालाच सरळ विचारलं, की केदार, तुला आणि अहिल्याला यायचंय का नाही.

“माझी काही हरकत नाही,” केदार म्हणाला. “काका ठरवतील तसं करू ना.”

“तशी हरकत नाही म्हणजे यायचंय?”

“नाही, म्हणजे… अहिल्याचं बघावं लागेल. तिला थंडी लागते. तिचंच टेन्शन आहे, माझं काय, मी कुठंही राहतो.”

वीणाला हसावं की रडावं कळेना. दहा दिवसांपूर्वीच अहिल्याने तिला फोन करून ग्राझमध्ये स्वेटर कसले लागतात ते विचारलं होतं. या घराचा गुण नागपूरच्या माणसालाही लागला होता.

मग ज्याच्या त्याच्या हरकती बाहेर पडू लागल्या, आणि त्यातली एकही ज्याची त्याची नव्हती. संजीवचं म्हणणं, सीमाचा घरं विकायचा धंदा इथे नीट बसलाय, तिला एकटं वाटेल. सीमा चटकन म्हणाली की माझं सोडा, मी इथेच आहे, पण आमच्या शिवचं अकरावीचं वर्ष आहे आणि रुचाताई गेलीच आहे, आता काकाकाकू गेले तर तो खचेल. शिव वरच्या मजल्यावर हेडफोन लावून बसला होता आणि त्याला खाली चाललेल्या त्याच्या खचण्याची कल्पना नव्हती. संजीवने पुन्हा वहिनीला पुढे केलं. वहिनीचा इथला ग्रुप आहे, शनिवारचं वाचन आहे, वहिनीला तिकडे कोण? सीमानेही री ओढली. एरवी नवराबायकोचं एका गोष्टीवर एकमत होत नसे, पण वीणाला काय सोसत नाही याबद्दल त्यांच्यात कधी मतभेद नव्हता.

रुचाने डोकं धरलं. “मी इथे आल्यापासून सगळे दुसऱ्याचंच सांगताहेत,” ती म्हणाली. “कोणाला स्वतःला काय पाहिजे, ते कोणी सांगेल का? प्लीज. बाबा, तू सांग.”

विनय पाणी प्यायला, त्याने पेला नीट जागेवर ठेवला. तो थोरला. सभेत शेवटी बोलायची त्याला सवय होती आणि इथल्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद दोनदा भूषवल्यामुळे आवाजही तसा झाला होता.

“तुझं सगळं पटतं मला, रुचा. बिझनेस म्हणून बघितलं तर प्रश्नच नाही, कंपनीचं भलं तिथेच आहे. मी एकटा असतो तर उद्या बॅग भरली असती. पण तुझ्या आईचा विचार करायला नको का? या वयात नवी भाषा, नवी माणसं, सगळीकडे पायी फिरायचं. ती बोलणार नाही, पण मला कळतं ना. तिला जमणार नाही.”

वीणा तेव्हा त्याच्याच मागे उभी होती. एकतीस वर्षांच्या संसारात ही बाई चिडली नव्हती असं नाही. पण चिडली की ती भांडी घासायला घ्यायची. आज तिने हातातलं भांडं टेबलावर ठेवलं, एक खुर्ची ओढली, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांची जेवणं व्हायच्या आत, सगळ्यांच्या मधोमध ती जेवायला बसली. एवढ्यानेच सीमाचं बोलणं अर्धवट राहिलं.

“मला ग्राझला जायचंय,” वीणा म्हणाली.

कोणाला वाटेल, की आता टेबल हादरलं असेल. छे. सीमाने तिच्या हातावर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले.

“ताई, तुमचं मन मोठं आहे. पण लेकीसाठी किती करायचं माणसाने? मनावर दगड ठेवून जाऊ नका.”

संजीव म्हणाला, बघ रुचा, वहिनीचा स्वभावच असा, स्वतःचं काही सांगणारच नाही. विनयने मान हलवली. केदारही कृतज्ञतेने तिच्याकडे पाहू लागला, जणू त्याला ग्रीन कार्डच्या रांगेतून सोडवायलाच ती वनवासात निघाली होती. हद्द झाली म्हणजे. नकार दिला नव्हता तेव्हा तो तिचा नकार होता, आणि आता तोंडाने हो म्हटलं तर तो त्याग होता. या माणसांना खरं सांगायचं तरी कोणत्या तोंडाने, असं तिला झालं. एकच गोष्ट उरली होती, आणि ती तिने दोन वर्षं जिवापाड लपवली होती.

“मनावर दगड मी इथे ठेवते, सीमा. रोज सकाळी.” तिने घास खाली ठेवला. “मला हायवे जमत नाही.”

तिने सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी पावसात टोल रोडवर शिरताना एक ट्रक तिच्या गाडीला घासता घासता राहिला होता. लागलं काही नाही, गाडीवर ओरखडासुद्धा आला नाही. पण त्या दिवसापासून हायवेवर चढायचा रॅम्प आला की तिचा पाय ब्रेकवरून निघायचा नाही. मग ती हायवे सोडून आतल्या रस्त्यांनी जायला लागली. शाळांवरून, चर्चवरून, प्रत्येक सिग्नलला थांबत. ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचणारी वीणा, असं तिचं कौतुक व्हायचं. ती घरातून अंधारात निघायची म्हणून पोचायची. शनिवारचं वाचन तिने वर्षभरापूर्वी सोडलं होतं. मैत्रिणींना तिने गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. डॅलसला नाटक आलं की तिचं डोकं दुखायचं. इथे गाडी चालवता आली नाही तर बाई दुधाच्या पिशवीलाही महाग होते, आणि हे फक्त तिला कळत होतं, कारण बाकीचे तिच्या शेजारून सत्तरच्या वेगाने निघून जात होते.

“तिथे मी दोन आठवडे कोणाला विचारल्याशिवाय हिंडले. तुम्ही सगळे मला काय जमणार नाही ते ठरवताय, आणि रुचा सोडली तर ते गाव पाहिलेली मी एकटी आहे. मला एकानेही विचारलं नाही कसं आहे ते.”

खरंच कोणी विचारलं नव्हतं. उद्घाटनाचे फोटो सगळ्यांनी पाहिले होते, त्यात पेढे होते का एवढं संजीवने विचारलं होतं.

पहिली सीमा फिरली, आणि फिरली ती चांगली चिडून. “मग हे आधी का नाही बोललात हो? मी तुमच्या बाजूने भांडत होते इतका वेळ. मला काय पडलंय? शिव कॉलेजला गेला की मला हे अख्खं घर अंगावर येणार आहे, मला तर उलट वाटत होतं की वर्षातून दोनदा तरी कुठे जायला मिळेल.” तिने नवऱ्याकडे पाहिलं. “आणि तुला मी एकटी पडेन असं कोणी सांगितलं?”

संजीवने कोशिंबीर चिवडली. मग हळूच म्हणाला, की खरं म्हणजे त्यालाच इथे मागे राहायचं नव्हतं. दादा तिकडे मोठ्या ऑफिसात आणि आपण प्लेनोत कुठल्यातरी कोपऱ्यात चार माणसं घेऊन बसायचं, हे बरं दिसत नाही. पण अमेरिकेतलं काम पूर्णपणे त्याच्या नावाने असणार असेल, आणि कोणी रोज फोन करून विचारणार नसेल, तर मात्र हरकत नाही. त्याने जीभ चावली आणि “म्हणजे आवडेल,” असं स्वतःच दुरुस्त केलं. केदारनेही तेवढ्यात संधी साधून घेतली. म्हणाला, काकू, आम्ही दोघं तर निघायच्या तयारीतच आहोत, अल्फारेटाला नाही म्हणायचं राहिलंय फक्त.

रुचा हसायला लागली होती. पाच मिनिटांत घराचं पारडं फिरलं होतं आणि वीणालाही वाटलं, की झालं, जमलं. तिने विनयकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

“मग मला जमणार नाही,” विनय म्हणाला.

मंडळाचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. संजीव म्हणाला, अरे दादा, आत्ता तर म्हणालास बॅग भरली असतीस. विनयने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो वीणाशीच बोलत होता.

“इथे मी दुकानात गेलो तर चार माणसं विनयकाका म्हणून थांबतात. कोणाच्या मुलाला नोकरी हवी असते, कोणाला हॉल बुक करून हवा असतो. तिथे मी कोण? रुचाचा बाप. पाव घ्यायला गेलो तर बोटाने दाखवावा लागेल मला. त्रेसष्टाव्या वर्षी.”

वीणाला राग यायला हवा होता. इतकी वर्षं तिचं नाव पुढे करून हा माणूस त्याच्या मागे लपत आला, हे आता दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं, आणि राग आलाही. पण त्याबरोबर कणवही आली. इतक्या वर्षांत त्याची भीती तिने पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकली होती.

“मीही बोटानेच दाखवत होते,” ती म्हणाली. “मिळतो पाव.”

“तुला चालतं ते. मला नाही चालत.”

“बरं. मग ही तुझी हरकत.”

“हो. माझी.” तो जरा थांबला. “आणि मी हरकत घेतली तर?”

इतका वेळ तिने तिथपर्यंत विचार केला नव्हता. उत्तर मात्र आधीपासून तयार असावं तसं आलं. “तर कंपनी इथे राहील. आप्पांचा नियमच आहे, मी मोडणार नाही. पण मी इथे राहणार नाही, विनय. रुचाकडे काम आहे, ते मला येतं. मी परवा तिच्याबरोबर जाईन.”

“आई,” रुचा म्हणाली.

विनयचा चेहरा उतरला. भांडायला तोंड उघडावं आणि भलतंच बाहेर पडावं, तसं त्याने विचारलं, “ट्रकचं मला का नाही सांगितलंस? मी सोडलं असतं तुला रोज.”

“सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी तू ते या टेबलावर सांगितलं असतंस. वीणाला गाडी जमत नाही म्हणून.”

तसंच झालं असतं, हे विनयलाही माहीत होतं. संजीव छताकडे बघत राहिला. सीमाने उगाचच मिठाची बशी सरळ केली. उद्या सकाळी जागावाल्यांना काय सांगायचं, हे केदारने एकदा चाचरत विचारलं. विनय आपल्या ताटाकडे पाहत होता. हो म्हणायला त्याचं तोंड उघडत नव्हतं आणि नाही म्हणायला आता कोणाचं नाव उरलं नव्हतं.

अशा वेळी या घरात काय व्हायचं ते ठरलेलं होतं. विनय गप्प झाला की त्याच्या मनातलं वीणा सांगायची. त्याला विचार करायला वेळ हवाय, त्याचं तसं म्हणणं नाही, तो तयार आहे पण. आजही एकेकाची मान तिच्याकडे वळली. शेवटी रुचानेही पाहिलं, विनयनेही पाहिलं, आणि त्याच्या नजरेत इतकी अजिजी भरलेली होती, की एक शब्द बोलून त्याला सोडवावं असं तिला आतून वाटलं.

ती बोलली नाही. भात गार झाला होता. तिने त्यावर थोडं तूप घेतलं आणि ती शांतपणे जेवू लागली. उत्तर विनयचं होतं आणि ते त्यालाच द्यायचं होतं.